लफेव्र (फ्रेंच आडनाव)

लफेव्र हे फ्रान्समधील, विशेषतः उत्तर फ्रान्समधील, एक जुने व्यावसायिक आडनाव आहे. त्याचा अर्थ ‘लोहार’. फ्रान्समध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या पहिल्या वीस आडनावांत ते मोडते. रोमन लिपीत ते एल-ई-एफ-ई-बी-व्ही-आर-ई अशा आठ अक्षरांनी लिहितात आणि त्यातल्या ‘बी’चा उच्चार कोणीही करत नाही. मराठीत कोणी ‘लेफेब्व्र’ लिहिते, कोणी ‘लेफेब्रे’. फ्रेंच माणसाच्या तोंडी मात्र ‘लफेव्र’ असते, आणि शेवटचा ‘र’ घशातच विरतो.

शब्द आणि मुका ‘बी’

मूळ लॅटिन शब्द ‘फाबेर’. हाताने कठीण वस्तू घडवणारा कारागीर असा त्याचा व्यापक अर्थ होता. एमआयडीसीतल्या गाळ्यांवर ‘फॅब्रिकेशन वर्क्स’ अशी पाटी असते. खिडक्यांच्या ग्रिल आणि लोखंडी फाटके जोडणाऱ्या वेल्डरचे ते दुकान. तिथले फॅब्रिकेशन आणि पॅरिसचा लफेव्र हे दोन्ही अर्थांनी एकाच धातूचे आहेत.

जुन्या फ्रेंचमध्ये फाबेरचा झाला ‘फेव्र’. त्याच्या आधी ‘ल’ हे उपपद लागले, म्हणजे नुसता लोहार नव्हे, गावाला ठाऊक असलेला तो लोहार. पुढे फेव्र हा शब्द बोलण्यातून गेला आणि लोहाराला ‘फोर्जरों’ म्हणू लागले. सोनारासाठी असलेल्या ‘ऑर्फेव्र’ या शब्दात तो अजून तग धरून आहे, तेवढाच. आज लफेव्र आडनावाच्या किती फ्रेंच लोकांना आपल्या नावाचा अर्थ चटकन सुचत असेल, शंकाच आहे.

अकराव्या ते तेराव्या शतकांत वस्ती वाढली, पण बाप्तिस्म्याची नावे मोजकीच राहिली. तेव्हा माणसांना ओळखण्यासाठी दुसरे नाव जोडण्याची गरज पडली. गावात ‘जाँ’ दहा असत, लोहार एकच. त्यामुळे ‘जाँ लफेव्र’ म्हटले की घोटाळा मिटे. ज्याच्याकडून सगळे गाव नांगराचा फाळ आणि घोड्याचे नाल करून घेते, त्याच्या धंद्याचे नाव चिकटणे साहजिकच होते. आपल्याकडच्या बारा बलुतेदारांतल्या लोहाराशी त्याची तुलना करण्याचा मोह होतो, पण ती एका मर्यादेपर्यंतच खरी. फ्रान्समध्ये नाव वारशाने चालले, धंदा चालेलच असे नव्हते. भट्टी कधीच विझली आणि नातवंडे सरदार, बिशप, वकील झाली तरी नाव लोहारच राहिले.

मधला ‘बी’ हा लेखनिकांचा उद्योग. मध्ययुगाच्या अखेरीस कागदपत्रे लिहिणारी मंडळी लॅटिनमध्ये मुरलेली असत. फ्रेंच शब्दातून लॅटिन पूर्वज दिसावा म्हणून उच्चारात नसलेली अक्षरे ती लेखनात घुसवत. ‘फाबेर’मध्ये ब आहे, मग ‘फेव्र’मध्येही हवा. फेब्रुवारीसाठीच्या ‘फेव्रिए’ या शब्दातही ते असाच एक ‘बी’ घालत. तो नंतरच्या लेखनसुधारणांत निघून गेला. आडनावाला मात्र शब्दकोशाचे नियम लागत नाहीत. १५३९च्या विलेर-कोत्रे फर्मानाने चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवणे सक्तीचे केले आणि फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, ऑगस्ट १७९४मध्ये, जन्मनोंदीतल्या नावाखेरीज दुसरे नाव वापरण्यास कायद्याने बंदी झाली. एखाद्या कारकुनाने ऐटीत खरडलेला ‘बी’ असा कायमचा गोठला. जिथे लेखनिक साधा होता तिथले लोक बी-विना ‘लफेव्र’ लिहितात. उच्चार दोघांचाही एकच.

या प्रकरणाला आणखी एक पीळ आहे. जुन्या हस्ताक्षरात ‘यू’ आणि ‘व्ही’ एकाच अक्षराने लिहीत. त्यामुळे काही वाचणाऱ्यांनी ‘व्ही’ला ‘यू’ समजून ‘लफेब्यूर’ असे वाचले, आणि चुकीच्या वाचनातून एक नवेच आडनाव जन्माला आले. पॅरिसच्या मादलेन चर्चचा आणि पुढे सँ-सुल्पिसचा प्रसिद्ध ऑर्गनवादक लुई लफेब्यूर-वेली (१८१७–१८६९) याच नावाचा. त्याच्या वडिलांचे आडनाव मुळात लफेव्र होते.

प्रांतोप्रांतीचे लोहार

लफेव्र ही उत्तरेची घडण. नॉर्मंडी, पिकार्डी आणि बेल्जियमच्या सीमेलगतचा प्रदेश हे तिचे घर. दक्षिणेत लांगदोककडे त्याच फाबेरचा ‘फाब्र’ झाला, आणखी काही भागांत ‘फोर’, नैर्ऋत्येला ‘फोरे’, आणि आल्प्सच्या पायथ्याशी साव्हुआत ‘फाव्र’. ब्रितानीत लोहाराला स्थानिक भाषेतला वेगळाच शब्द आहे, म्हणून तिथला लोहार ‘ल गॉफ’. अल्सासमध्ये तो जर्मन ‘श्मिट’ होतो.

अमेरिकेत गेलेल्या काही लफेव्रांचे तर ‘बीन’ झाले. ‘फेव्ह’ म्हणजे फ्रेंचमध्ये घेवड्याच्या जातीची शेंग. ऐकणाऱ्याला लफेव्रमध्ये तीच शेंग ऐकू आली आणि आडनावाचे इंग्रजी भाषांतर होऊन लोहाराची शेंग झाली.

दक्षिणी शाखांतली माणसेही थोर आहेत. कीटकांच्या आयुष्याचे निरीक्षण करणारा जाँ-आंरी फाब्र (१८२३–१९१५), २८ मार्च १९१० रोजी पाण्यावरून विमान उडवणारा आंरी फाब्र, संगीतकार गाब्रिएल फोरे (१८४५–१९२४). फोरेदेखील पुढे त्याच मादलेन चर्चचा ऑर्गनवादक झाला, म्हणजे त्या एका वाद्यावर लोहाराच्या उत्तरी आणि दक्षिणी अशा दोन्ही नावांचे हात फिरले. क्रांतीच्या नव्या पंचांगातल्या महिन्यांना धुके, पाऊस, अंकुर यांवरून नावे दिली ती फाब्र देग्लांतीन याने. त्याच पंचांगातल्या ‘जेर्मिनाल’ महिन्यात, एप्रिल १७९४मध्ये, त्याचे डोके गिलोटिनखाली गेले.

गोव्याशी जुळणारा धागा साव्हुआतल्या पिएर फाव्र (१५०६–१५४६) याच्याकडून येतो. पॅरिसच्या सँत-बार्ब कॉलेजात त्याच्या खोलीत राहणारा विद्यार्थी होता फ्रान्सिस झेवियर, ज्याचे पार्थिव आज जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकेत आहे. नंतर त्याच खोलीत इग्नेशियस लोयोला आला. १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्र टेकडीवर या तिघांनी आणि आणखी चौघांनी जी शपथ घेतली, तिच्यातून पुढे जेझुइट संघ उभा राहिला. त्या दिवशी सातांपैकी दीक्षित धर्मगुरू एकटा फाव्र होता, त्यामुळे मिसा, म्हणजे चर्चची मुख्य उपासना, त्यानेच सांगितली. डिसेंबर २०१३मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्याला संत घोषित केले. झेवियरला हा मान १६२२मध्येच मिळाला होता. खोली एक असली तरी नशीब वेगळे.

उल्लेखनीय व्यक्ती

पुढे दिलेली सगळी माणसे एकाच घराण्यातली नाहीत. गावोगावी वेगवेगळ्या लोहारांपासून हे नाव सुरू झाले असल्याने एकच आडनाव म्हणजे एकच घराणे असा अर्थ इथे निघत नाही.

जाक लफेव्र देताप्ल (सु. १४५५–१५३६) हा पिकार्डीतल्या एताप्ल गावचा विद्वान. लॅटिनमध्ये लिहिताना तो स्वतःला ‘फाबेर’ म्हणे, म्हणजे नाव फिरून मुळाशी गेले. बायबल सामान्य माणसाला त्याच्या भाषेत वाचता यावे हा त्याचा आग्रह होता. १५२३मध्ये त्याने नवा करार फ्रेंचमध्ये आणला आणि १५३०मध्ये अँटवर्पहून संपूर्ण बायबल छापून घेतले. सॉर्बनच्या पंडितांनी त्याच्यावर पाखंडाचा आरोप ठेवला, तेव्हा १५२५मध्ये तो स्ट्रासबुर्गला पळाला. राजाची बहीण मार्गरीत हिने त्याला आसरा दिला. इतके होऊनही त्याने रोमचे चर्च सोडले नाही. प्रोटेस्टंट त्याला आपला पूर्वसूरी मानतात आणि कॅथलिकही त्याला पुरते परके म्हणत नाहीत.

न्यायाच्या इतिहासात या नावाची दोन माणसे आहेत, एक न्यायासनावर आणि दुसरा वधस्तंभावर. चौदाव्या लुईचा अर्थमंत्री निकोला फूके याच्यावर अपहाराचा खटला चालला, तेव्हा राजाला फाशी हवी होती हे सर्वांना ठाऊक होते. खटल्याचा अहवाल मांडणाऱ्या ऑलिव्हिए लफेव्र दॉर्मेसों याने १६६४मध्ये हद्दपारीची शिफारस केली आणि बहुमत त्याच्या बाजूने गेले. राजाने शिक्षा बदलली, पण माफ करण्यासाठी नव्हे. हद्दपारीची जन्मठेप केली. दॉर्मेसोंची बढती तिथेच थांबली. फ्रेंच अकादमीचे सदस्य असलेले लेखक जाँ दॉर्मेसों (१९२५–२०१७) यांचे पूर्ण आडनाव हेच.

दुसरा फ्रांस्वा-जाँ लफेव्र द ला बार. १७६५च्या ऑगस्टमध्ये आबव्हिल शहरातल्या पुलावरचा लाकडी क्रूस कोणी तरी चाकूने छिलला. तपासात गुन्हेगार सापडला नाही. मात्र काही तरुण पोरांनी धार्मिक मिरवणूक जवळून जात असताना डोक्यावरच्या टोप्या काढल्या नव्हत्या आणि ती वात्रट गाणी म्हणत होती, एवढे बाहेर आले. ला बारच्या खोलीत व्होल्तेरचा तत्त्वज्ञानकोश मिळाला. १ जुलै १७६६ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याचा शिरच्छेद झाला आणि धडासोबत तो ग्रंथही जाळला. व्होल्तेरने हे प्रकरण हाती घेऊन युरोपभर पोचवले. क्रांतीनंतर, १७९३मध्ये, ला बारला निर्दोष ठरवण्यात आले. आज मोंमार्त्रवर साक्रे-केर बॅसिलिकेच्या मागून जाणारा रस्ता त्याच्या नावाचा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचा पुतळा बॅसिलिकेच्या अगदी समोर उभारला होता. तो पुढे हलवला आणि १९४१मध्ये वितळवला गेला. २००१मध्ये जवळच्या बागेत नवा बसवला. लोयोलाच्या शपथेची आणि टोपी न काढणाऱ्या पोराची टेकडी एकच, हा योगायोग पॅरिसलाच शोभतो.

नेपोलियनचा मार्शल फ्रांस्वा जोझेफ लफेव्र (१७५५–१८२०) अल्सासमधल्या रुफाकचा. क्रांती झाली तेव्हा तो राजाच्या पायदळात साधा सार्जंट होता. १८०७मध्ये डान्त्सिगचा वेढा यशस्वी केल्याबद्दल त्याला त्या शहराची ड्यूक ही पदवी मिळाली. त्याची बायको कातरीन पूर्वी धोबीण होती. डचेस झाल्यावरही तिने जीभ आवरली नाही, आणि १८९३मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘मादाम साँ-जेन’ या नाटकामुळे ती नवऱ्यापेक्षा जास्त प्रसिद्ध झाली. मार्शलचा एक किस्सा सांगतात. जुना मित्र त्याचा वाडा पाहून हळहळू लागला, तेव्हा त्याने सुचवले की अंगणात चल, मी तुझ्यावर वीस गोळ्या झाडतो, वाचलास तर सगळे तुझे. मित्र बिचकला. मार्शल म्हणाला की हे मिळण्याआधी माझ्यावर याहून कितीतरी जास्त गोळ्या झाडल्या गेल्या. किस्सा घडला असो वा नसो, माणूस त्यात दिसतो.

विसाव्या शतकात या नावाने एकमेकांच्या विरुद्ध टोकांना माणसे उभी केली. इतिहासकार जॉर्ज लफेव्र (१८७४–१९५९) यांनी वर्षानुवर्षे शाळांत शिकवले. उत्तर फ्रान्समधल्या शेतकऱ्यांवरचा प्रबंध प्रसिद्ध झाला तेव्हा ते पन्नाशीत होते. फ्रेंच राज्यक्रांतीचा इतिहास खालून, खेड्यातून पाहण्याची दृष्टी त्यांनी दिली. १७८९च्या उन्हाळ्यात ‘दरोडेखोर येताहेत’ ही अफवा गावोगाव कशी पसरली, कोणत्या वाटेने, किती वेगाने, याचा माग घेणारे त्यांचे १९३२चे पुस्तक आजही ताजे वाटते.

आंरी लफेव्र (१९०१–१९९१) हे मार्क्सवादी तत्त्वज्ञ काही काळ पॅरिसमध्ये टॅक्सी चालवत. कम्युनिस्ट पक्षात ते १९२८ साली गेले, १९५८ साली पक्षाने त्यांना काढले. शहर हे तिथे राहणाऱ्यांचे, त्याला आकार देण्याचा हक्कही त्यांचाच, ही ‘शहरावरचा हक्क’ ही कल्पना त्यांनी १९६८मध्ये मांडली. मुंबईतल्या झोपडपट्ट्या आणि पुनर्विकास यांवरच्या अभ्यासांतही ती हमखास भेटते. त्याच १९९१ साली वारलेले मार्सेल लफेव्र (जन्म १९०५) हे डाकारचे आर्चबिशप. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आणलेले बदल त्यांना मान्य नव्हते. लॅटिन मिसा टिकवण्यासाठी त्यांनी १९७०मध्ये वेगळा संघ काढला आणि ३० जून १९८८ रोजी पोपच्या परवानगीविना चार बिशपांना दीक्षा दिली. त्यांना बहिष्कृत करण्यात आले. आपापल्या संघटनेने बाहेर काढलेले हे दोन लफेव्र, कारणे मात्र पूर्व-पश्चिम.

नावाला खरा जागला तो बहुधा आंद्रे लफेव्र (१८९४–१९६४). तो सित्रोएनचा अभियंता. पुढच्या चाकांना गती देणारी ‘त्राक्सियों आव्हां’ (१९३४), ‘दे शव्हो’ (१९४८) आणि ‘डी एस’ (१९५५) या तिन्ही मोटारींच्या रचनेमागे तो होता. ‘दे शव्हो’साठी कंपनीची अट अस्सल खेडवळ होती : गाडीत दोन शेतकरी आणि पन्नास किलो बटाटे मावावेत आणि नांगरलेल्या शेतातून जाताना टोपलीतले एकही अंडे फुटता कामा नये.

वैमानिक यूजेन लफेव्र ७ सप्टेंबर १९०९ रोजी ज्युव्हिसी येथे कोसळून मरण पावला. यंत्रचलित विमान स्वतः चालवताना मेलेला तो जगातला पहिला माणूस. चित्रकार झ्यूल लफेव्र याचे ‘क्लोए’ हे १८७५चे नग्नचित्र मेलबर्नच्या एका दारूगुत्त्यात १९०९पासून टांगलेले आहे.

बी-विना लिहिणाऱ्यांपैकी जाँ-रोमँ लफेव्र याने १८४६मध्ये नाँत शहरात बिस्किटांचा धंदा सुरू केला. बायको पोलीन-इझाबेल हिचे माहेरचे आडनाव ‘यूतील’. नवऱ्याचा एल आणि बायकोचा यू मिळून ‘एल यू’ ही छाप झाली. त्यांचा मुलगा लुई याने १८८६मध्ये ‘प्ती-बर’ हे बिस्किट काढले. हातात घेऊन पाहिले तर चार कोपरे कानांसारखे बाहेर आलेले, कडेला दात्रे आणि पाठीवर चोवीस भोके. कोपरे म्हणजे चार ऋतू, कोपऱ्यांसह बावन्न दात्रे म्हणजे वर्षाचे आठवडे आणि भोके म्हणजे दिवसाचे तास, असे सांगतात. फ्रेंच मुले आधी चार कान कुरतडतात, मग बाकीचे खातात. जुन्या कारखान्यात आता कलाकेंद्र आहे आणि त्याचे नाव ‘ल्य लिय यूनिक’ असे ठेवले आहे, म्हणजे आद्याक्षरे पुन्हा एल यू.