चिंपांझी समाज आणि माहितीपट: कॅमेरा कुठे उभा राहिला?

टांझानियातल्या गोम्बे जंगलात १९६० साली निरीक्षणे सुरू झाली. तिथली त्या दशकातली जी चित्रफीत वारंवार वापरली जाते, तिच्यातला मोठा भाग छावणीजवळच्या मोकळ्या जागेतला आहे. दाट झाडीत तेव्हाच्या फिल्मला उजेड अपुरा पडे आणि माणूस दिसताच चिंपांझी पळत. केळी ठेवल्यावर ते उघड्यावर येऊ लागले.

या केळ्यांवरचा वाद अजून धुमसतो. रानातली फळे विखुरलेली असतात, म्हणून चिंपांझी लहान तुकड्यांत पांगतात, काही वेळाने पुन्हा एकत्र येतात. केळ्यांपाशी मात्र मोठा घोळका ताटकळू लागला आणि मारामाऱ्या वाढल्या. दशकाच्या अखेरीस केळी खूप कमी केली, पण ती पूर्ण थांबायला २००० साल उजाडले. मधल्या काळात, १९७४पासूनच्या चार वर्षांत, फुटून निघालेल्या गटातले नर मूळ गटातल्या नरांनी एकेक करून मारले. हे केळ्यांनीच घडवले, असा आक्षेप घेतला गेला. २०१४ साली १८ समुदायांच्या पाच दशकांच्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या. संशयित धरून १५२ हत्या निघाल्या. त्यांचा मेळ माणसाच्या ढवळाढवळीशी बसला नाही; नरांची संख्या आणि दाटी यांच्याशी बसला. आक्षेपाचे हे उत्तर भक्कम आहे. पण इतक्या समुदायांत पाच दशकांत जे घडले, ते माहितीपटाच्या तासाभराच्या भागात रोजचेच वाटते, आणि ही चूक संकलनाची आहे.

पुढे कॅमेरा समुदायांमधल्या सरहद्दीकडे वळला. गस्तीवरचे नर एका रांगेत, जवळपास आवाज न करता चालतात, जमीन हुंगतात, वाटेत फारसे खात नाहीत. पडद्यावर त्यावर ढोल वाजतात. २०१२च्या एका गाजलेल्या चित्रपटात आयव्हरी कोस्टमधल्या ताई जंगलातल्या पोरक्या पिल्लाची गोष्ट आहे; त्यातल्या ‘शत्रू टोळी’ची दृश्ये मात्र युगांडातल्या न्गोगोची. दोन्ही ठिकाणांमध्ये हजारो किलोमीटर अंतर, उपजातीसुद्धा वेगळ्या. हे समाजाचे चित्रण म्हणून खपवणे गैरच.

एकाच नायकामागे कॅमेरा लावला की पांगणे आणि जुळणे दिसत नाही, समुदाय पक्क्या टोळीसारखा भासतो. माद्यांची बाजू तर सुटतेच. वयात आल्यावर बऱ्याच माद्या जन्माचा समुदाय सोडून शेजारच्या समुदायात जातात. त्या समुदायाला माणसाची सवय नसेल तर चित्रीकरण सरहद्दीपाशीच थांबते, कारण ती सवय व्हायला कित्येक वर्षे लागतात.