मेळघाटातली मुसळी बाटलीपर्यंत कशी पोचली

सफेद मुसळी या औषधी वनस्पतीचं विकलं जातं ते मूळ, आणि सगळी अडचण तिथंच आहे. आवळा, बेहडा वेचला तरी झाड उभं राहतं. मुसळी खणली की झाडच संपलं. मुळांच्या जुडग्याच्या माथ्यावर खोडाची बारीक चकती असते आणि डोळे तिच्यावरच असतात. चकती सुटलेलं मूळ कितीही जाड असो, त्याला कोंब येत नाही. बियांची उगवणही कमी. भाव चढले तशी जंगलातली खणाई वाढली, अनेकदा बी पडायच्या आधीच. पुढे शेतकरी लागवडीकडे वळले, तर बेण्याच्या खर्चानंच कंबर मोडली. अंजनगाव सुर्जी, अकोटकडची पानपिंपळी मात्र वेलाच्या कांड्यांवर लागते, म्हणून तिचं असं अडलं नाही.

मुसळीवरचा उपाय म्हणजे ऊतिसंवर्धन, वनस्पतीच्या बारीकशा तुकड्यापासून बाटलीत रोपं वाढवणं. तो आला तंबाखूवरून. एका पेशीतून अख्खी वनस्पती होऊ शकेल, असं वनस्पतिशास्त्रज्ञ हाबरलांट यांनी १९०२ मध्ये मांडलं. त्यांना ते साधलं मात्र नाही. १९५७ मध्ये स्कूग आणि मिलर यांना तंबाखूच्या ऊतींत खरी किल्ली सापडली: ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक जास्त तर मुळं, कायनेटिन हे दुसरं जास्त तर कोंब. १९६२ मध्ये मुराशिगे-स्कूग माध्यम, म्हणजे बाटलीतल्या ऊतींचं खाद्य, आलं; ते आजही प्रयोगशाळांत रोजच्या वापरात आहे. १९६४ मध्ये दिल्ली विद्यापीठात गुहा आणि माहेश्वरी यांनी धोतऱ्याच्या परागकोशातून रोपं उगवली. हे काम आपल्याकडचं, आणि तेही एका औषधी झाडावरचं, याचा मला फार अभिमान वाटतो. १९८० च्या सुमारास पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं सागाची रोपं केली. मुसळीचं तंत्र उदयपूरच्या संशोधकांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलं.

बाटलीतली सगळी रोपं एकाच आईची असतात. ती आई निवडायची तर जंगलात तऱ्हेतऱ्हेची मुसळी शिल्लक हवी, म्हणून ऊतिसंवर्धनाला मी जंगलाचा पर्याय मानत नाही.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. मुसळी लावायची पहिल्या पावसावर, म्हणजे रोपांचं हार्डनिंग, त्यांना बाहेरच्या हवेची सवय लावणं, येतं नेमकं मे महिन्यात, अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या घरात असताना. बाटलीतल्या दमट हवेत पानांवर मेणाचा थर नीट धरत नाही. बाहेर काढलेलं रोप तासाभरात मान टाकतं. आधी झाकण आणि फवारा, मग शेडनेट, मग उघडी हवा, असं टप्प्याटप्प्यानं काही आठवडे न्यावं लागतं. रोपं घेताना शेतकऱ्यानं भावाआधी हे विचारावं, की ती उघड्यावर किती दिवस राहिली आहेत.