रिपोर्टचा फोटो मोबाईलमध्ये आहे म्हणून रेकॉर्ड डिजिटल होत नसतं

रिपोर्टचा फोटो काढला, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवला, झालं डिजिटल असं आपल्याकडं भरपूर जण समजतात, आणि खरं सांगायचं तर काही दवाखानेपण केसपेपर स्कॅन करून तेवढ्यावरच कॉम्प्युटरायझेशन झालं म्हणून मोकळे होतात. फोटोतला आकडा डॉक्टर वाचतो, पण कॉम्प्युटरच्या लेखी ते नुसतं चित्र असतं, त्यात किडनीचा रिपोर्ट आहे का लग्नाची पत्रिका हे त्याला कळत नाही.

समजा केज तालुक्यातला एक शुगरचा पेशंट आहे, ऊसतोडीला जाणारा. अंबाजोगाईला तपासलं तेव्हा क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा आकडा, ०.९, पुढच्या वर्षी लातूरच्या लॅबमध्ये १.३, आणि नंतर कोल्हापूरकडं फडावर असताना चक्कर आली म्हणून तिथं तपासलं तर १.८. प्रत्येक डॉक्टरसमोर एकच कागद. १.३ बघून कुणी फार घाबरत नाही, पण हेच तीन आकडे तारखेसकट एकाखाली एक आले असते तर किडनी उतरणीला लागलीय हे लगेच दिसलं असतं, आणि मोळ्या उचलून कंबर दुखते म्हणून जे डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन दर आठवड्याला घेणं चालू होतं ते कुणीतरी थांबवलं असतं, कारण ते किडनीला जड जातं. इलेक्ट्रॉनिक हेल्थ रेकॉर्ड म्हणतात ते हे. आजार, औषधं, ॲलर्जी, तपासण्या सगळं वेगवेगळ्या रकान्यांत, तारखेसकट, आणि पुढच्या दवाखान्यातल्या सॉफ्टवेअरलाही कळेल अशा पद्धतीनं. मुकादमाच्या वहीत कुठल्या कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीच्या नवराबायकोच्या जोडीवर, किती उचल आहे ते रुपयापर्यंत लिहिलेलं असतं, त्याच कोयत्यातल्या बाईचं बीपी मागच्या सिझनला किती होतं ते मात्र कुठंच नाही.

आता दुसऱ्या सॉफ्टवेअरला कळायचं कसं, तर खरी मेख इथंच आहे. उपाशीपोटी शुगर कुणी एफबीएस लिहितं, कुणी बीएसएल फास्टिंग, कुणी नुसतं शुगर. म्हणून जगभर प्रत्येक गोष्टीला ठरलेला नंबर दिलाय. लॅबच्या तपासण्यांसाठी लॉईंक नावाची यादी आहे, तिच्यात रक्तातल्या उपाशीपोटी शुगरचा नंबर १५५८-६, तीन महिन्यांच्या सरासरीचा जो एचबीएवनसी तो ४५४८-४. आजार आणि लक्षणांसाठी स्नोमेड सीटी आहे, भारत २०१४ पासून त्याचा सदस्य असल्यानं इथं ते फुकट वापरता येतं, आणि त्याचं देशातलं काम पुण्याच्या सी-डॅक या सरकारी कॉम्प्युटर संस्थेतून चालतं. एक्सरे, सीटी स्कॅनच्या फाईलींचा नमुना डायकॉम, आणि ही सगळी माहिती एका सिस्टिममधून दुसरीकडं पाठवायची पद्धत फायर. नावं लक्षात नाही राहिली तरी चालतील, नंबर एक असला की माजलगावचा रिपोर्ट बेळगावात त्याच अर्थानं उघडतो एवढं कळलं तरी बास.

आपल्या देशात हे जोडायचं काम आयुष्मान भारत डिजिटल मिशन करतंय, देशभर सुरू झालं २७ सप्टेंबर २०२१ ला. त्यात पेशंटला मिळणारा १४ आकडी नंबर म्हणजे आभा. लोकांना वाटतं सगळे रिपोर्ट दिल्लीत कुठंतरी जाऊन पडतात, तसं नाहीये. रिपोर्ट जिथं तयार झाला त्या दवाखान्यात किंवा लॅबमध्येच राहतो, आभाला फक्त तो कुठं आहे त्याचा धागा जोडला जातो, आणि दुसऱ्या डॉक्टरला बघायचा असेल तर तुमच्या मोबाईलवर परवानगी मागितली जाते, कुठले रिपोर्ट, कुठल्या तारखेपासूनचे, किती दिवसांसाठी. दिलेली परवानगी काढूनपण घेता येते. पण शिबिरात रांगेत उभं राहून आभा कार्ड काढलं आणि लॅबनं एकपण रिपोर्ट जोडला नाही तर ते कार्ड रिकामंच, आणि माझ्या मते आपल्याकडं कार्डांचे आकडे मोजण्यातच जास्त उत्साह आहे.

या रेकॉर्डचा फायदा एकट्या पेशंटपुरता नसतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचा सरकारी सर्व्हे झाला, ८२ हजारांवर बायकांत १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. हे कळायला एवढ्या बायकांना विचारत फिरावं लागलं. ऑपरेशनचं कारण, वय, आधीची सोनोग्राफी हे जर नीट रकान्यांत असतं तर कुठल्या तालुक्यात पस्तिशीच्या आतल्या किती बायकांची ऑपरेशनं होतायत हे वर्ष संपायच्या आत दिसलं असतं. अर्थात भरणाऱ्यानं खरं भरलं तर, खोटं कारण कॉम्प्युटरमध्येही खोटंच राहतं.

धोके आहेतच. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि तिथलं काम कित्येक दिवस परत हातानं कागदावर करावं लागलं. डॉक्टर पेशंटकडं बघायचं सोडून स्क्रीनकडंच बघतो ही तक्रार तर जगभर आहे. पण आपल्याकडची अडचण मला वेगळीच वाटते. परवानगी मोबाईलवर येते, आणि बऱ्याच घरांत मोबाईल एकच, तोपण नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या खिशात. बाईच्या पिशवीच्या सोनोग्राफीचा ओटीपी त्याच्याकडं जाणार, मग परवानगी नक्की दिली कुणी? २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा म्हणतो की संमती ज्याची माहिती आहे त्याची पाहिजे. त्यामुळं आभा काढताना घरातल्या बाईचा स्वतःचा नंबर टाका, नसेल तर आधी सिमकार्ड घ्या.