हवाई अंतर आणि उड्डाणकाळ

दोन विमानतळांमधले, पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर म्हणजे हवाई अंतर. विमानाला प्रत्यक्ष लागणारा वेळ म्हणजे उड्डाणकाळ. अंतर अक्षांश-रेखांशांवरून काढता येते आणि ते बदलत नाही. उड्डाणकाळ मात्र दिशेनुसार, ऋतूनुसार, कधी रोजच्या रोज बदलतो. म्हणून अंतराला ताशी ९०० किमीने भागून काढलेले उत्तर लांबच्या प्रवासात अंदाजापलीकडे फारसे उपयोगाचे नसते.

हे अंतर बृहद्वृत्ताच्या, म्हणजे पृथ्वीच्या केंद्राशी ज्याचे केंद्र जुळते अशा वर्तुळाच्या, कंसावर मोजतात. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किमी असल्यामुळे कोणतेही दोन विमानतळ एकमेकांपासून जास्तीत जास्त २०,००० किमीच्या आसपास असू शकतात. सपाट नकाशावर हा कंस ध्रुवाकडे फुगलेला दिसतो आणि विमान उगाच वळसा घालते आहे असे वाटते. वस्तुतः फसवतो तो नकाशा. सिंगापूर आणि न्यूयॉर्क यांच्या रेखांशांत जवळजवळ १८० अंशांचा फरक आहे, त्यामुळे त्यांच्यातली सर्वांत जवळची वाट उत्तर ध्रुवाला खेटून जाते. ती भरते सुमारे १५,३४५ किमी. तरीही सिंगापूरहून निघालेले विमान बहुधा पॅसिफिकवरून जाते. हजारभर किलोमीटर जास्त पडले तरी पाठीमागून वारा मिळतो, आणि साडेअठरा तासांच्या आसपास ते न्यूयॉर्क गाठते.

हा वारा म्हणजे साधारण ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा झोतवारा. हिवाळ्यात त्याला जोर चढतो. लंडन–न्यूयॉर्क अंतर सुमारे ५,५४० किमी. पूर्वेकडे येताना लागतात सातेक तास, पश्चिमेकडे जाताना आठेक. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यावर स्वार झालेले एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला होता, पण भोवतालच्या हवेच्या तुलनेत ते ध्वनीच्या वेगाच्या आतच होते.

राजकारणही वाट लांबवते. २०२२ मध्ये रशियाचे आकाश युरोपीय विमानांना बंद झाले आणि हेलसिंकी–टोकियो प्रवास साडेनऊ तासांवरून तेराच्या घरात गेला. शहरे होती तिथेच होती.

वेळापत्रकातला काळ हवेतल्या काळाहून थोडा मोठा असतो, कारण तो विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंत धरतात. तिकिटावरच्या वेळा त्या-त्या ठिकाणच्या स्थानिक असतात. ऑकलंडहून संध्याकाळी निघून लॉस एंजेलिसला उतरावे, तर बारा तास उडूनही तिथे त्याच तारखेची दुपार असते. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडलेली असते.