वटवाघळांचा जनुकसंच

खऱ्या अर्थाने उडणारा एकमेव सस्तन प्राणी म्हणजे वटवाघूळ. जगात त्याच्या १४००हून अधिक जाती आहेत. सस्तन प्राण्यांच्या दर पाच जातींत साधारण एक. लहान जातींना कोकणपट्टीत पाकोळी म्हणतात, आणि हेच नाव एका पक्ष्यालाही असल्याने घोटाळा होतो.

गोव्यात वटवाघळाची खरी ओळख पटते ती काजूच्या हंगामात. पिकलेला बोंडू ते बीसकट तोडते आणि दुसऱ्या झाडावर नेऊन उलटे लटकून चघळते. रस गिळते, चोथा थुंकते, बी खाली सोडते. आंब्याच्या बुंध्याशी सकाळी काजूबिया दिसतात त्या अशा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मात्र फलाहारी वटवाघळांना कावळे-उंदरांच्या पंगतीला, उपद्रवी प्राण्यांत बसवले होते.

जनुकसंच म्हणजे प्राण्याच्या डीएनएत लिहिलेली सगळी आनुवंशिक माहिती. वटवाघळाचा जनुकसंच डीएनएच्या सुमारे दोन अब्ज अक्षरांचा, म्हणजे माणसापेक्षा आटोपशीर असतो. ‘बॅट१के’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने सर्व जातींचे जनुकसंच वाचायचे ठरवले असून २०२०मध्ये पहिल्या सहा जातींचे उत्तम दर्जाचे वाचन प्रसिद्ध झाले. दाह भडकवणारी काही जनुके त्यांत गळालेली आढळली, तर विषाणूंना अडवणाऱ्या काहींच्या प्रती वाढलेल्या. अनेक विषाणू अंगावर वागवूनही ही जनावरे सहसा आजारी का पडत नाहीत, याचा एक धागा इथे आहे. दुसरे कोडे आयुष्याचे. जेमतेम सात ग्रॅमचे ब्रांट वटवाघूळ सायबेरियात ४१ वर्षे जगल्याची नोंद आहे. त्याच वजनाचा उंदीर दोन-तीन वर्षांत संपतो.

जनुकसंच वाचण्यासाठी लागणाऱ्या नमुन्याकरिता प्राणी मारावा लागत नाही. पंखाच्या पडद्याचा तीन मिलिमीटरचा तुकडा पुरतो, भोक काही आठवड्यांत भरते. डीएनएचे लांब धागे मात्र उष्म्याने तुटतात, तेव्हा नमुना तिथल्या तिथे गोठवावा लागतो. सह्याद्रीतल्या गुहेपर्यंत गोठवणपेटी वाहून नेणे हेच खरे कष्टाचे काम.

गोव्याच्या सीमेलगत, कर्नाटकातील खानापूर तालुक्यात बारापेडेची गुहा आहे. रॉटनच्या मुक्तपुच्छ वटवाघळाचे पहिले शास्त्रीय वर्णन इथल्याच नमुन्यांवरून १९१३मध्ये झाले. अनेक दशके ही जात जगात फक्त याच गुहेत असल्याचे मानले जाई. पुढे ती मेघालय आणि कंबोडियातही सापडली. या वस्त्या एकमेकींपासून केव्हा तुटल्या, बारापेडेतल्या वस्तीत आनुवंशिक वैविध्य किती उरले, हे त्यांचे जनुकसंच शेजारी ठेवून ताडता येईल.