प्रीती, यज्ञ आणि खंडणी : ख्रिस्ती बलिदानाच्या कल्पनेची पार्श्वभूमी

योहानकृत शुभवर्तमानातील तिसऱ्या अध्यायाचे सोळावे वचन मराठी ख्रिस्ती घरांतल्या लहान मुलांनाही पाठ असते : 'देवाने जगावर एवढी प्रीती केली की, त्याने आपला एकुलता एक पुत्र दिला.' या ओळीचा सगळा भार 'दिला' या क्रियापदावर आहे. यज्ञ म्हटला की माणूस देतो आणि देव घेतो, हा आपल्या मनातला क्रम. इथे देणारा देव आहे. एवढी एक गोष्ट निसटली की क्रूसाचा अर्थ 'रागावलेल्या देवाला रक्त देऊन शांत केले' असा होऊन बसतो, आणि मग त्यात प्रीती कुठे आहे ते कुणालाच सांगता येत नाही. हा गैरसमज का होतो हे कळायला आधी जुन्या करारातली, म्हणजे बायबलच्या येशूपूर्व भागातली, अर्पणे पाहावी लागतात.

लेवीय पुस्तकाच्या पहिल्या सात अध्यायांत पाच प्रकारची अर्पणे येतात : होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण आणि दोषार्पण. होमार्पणातला पशू कातडे वगळता पूर्ण जाळायचा. शांत्यर्पणातली चरबी वेदीवर जाई, काही भाग याजकाला, म्हणजे पुरोहिताला, मिळे आणि उरलेले मांस अर्पण करणारा आपल्या माणसांसोबत खाई. म्हणजे ते देवाच्या दारचे जेवणच. अन्नार्पणात रक्ताचा संबंधच नव्हता. त्यात सपीठ, तेल आणि ऊद असे. पापार्पणातही ऐपत पाहिली जाई. मेंढी किंवा शेळी परवडत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिले चालत. तेही जमत नसेल तर एफाचा दहावा हिस्सा सपीठ, म्हणजे सुमारे दोन लिटर, तेल आणि ऊद न घालता आणायचे. त्या पिठानेही क्षमा मिळे. 'रक्ताशिवाय देव ऐकतच नसे' असे सरसकट सांगणाऱ्यांनी पाचव्या अध्यायातला हा नियम पुन्हा वाचावा. येशूच्या जन्मानंतर योसेफ आणि मरीया यांनी मंदिरात नेलेले अर्पण लूकने नोंदवले आहे, तेही गरिबांचेच, पक्ष्यांच्या जोडीचे.

सर्वांत जास्त घोटाळा प्रायश्चित्ताच्या दिवसाबद्दल होतो. हा सातव्या महिन्याचा दहावा दिवस. मुख्य याजक वर्षातून याच एका दिवशी परमपवित्रस्थानी, म्हणजे सर्वांत आतल्या गाभाऱ्यात, जाई. आधी धूप जाळून धुराने दयासन, म्हणजे कराराच्या कोशाचे झाकण, झाकायचे आणि मग रक्त शिंपडायचे. लोकांसाठी दोन बकरे असत. चिठ्ठ्या टाकून एक परमेश्वरासाठी ठरे. तो मारला जाई आणि त्याच्या रक्ताने पवित्रस्थान शुद्ध केले जाई. दुसऱ्याच्या डोक्यावर याजक दोन्ही हात ठेवून लोकांची पापे कबूल करी, आणि तो जिवंतच रानात सोडला जाई. पापांचे ओझे ज्याच्यावर ठेवले तो मारला जात नाही आणि जो मारला जातो त्याच्यावर हे ओझे नसते. रक्ताचे काम इथे शुद्ध करण्याचे आहे, पशूला शिक्षा भोगायला लावण्याचे नाही. याच पुस्तकाच्या सतराव्या अध्यायाच्या अकराव्या वचनात देव म्हणतो की प्रायश्चित्तासाठी वेदीवर हे रक्त 'मी तुम्हांला दिले आहे'. देण्याची दिशा त्या जुन्या विधीतच उलटलेली होती. होशेय संदेष्टा तर एक पाऊल पुढे गेला : देवाला यज्ञ नको, दया हवी. येशूने हे वचन उद्धृत केल्याचे मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे.

येशूच्या मरणाशी सर्वांत आधी जोडला गेला तो मात्र प्रायश्चित्ताचा दिवस नव्हे, तर वल्हांडण हा यहुदी सण. 'ओलांडणे' या क्रियेवरून मराठीत रूढ झालेला हा शब्द मूळ कथेला अगदी चपखल आहे, कारण इस्राएल लोक मिसरच्या गुलामीतून सुटले त्या रात्री, दाराला कोकराचे रक्त लावलेल्या घरांना मरण ओलांडून पुढे गेले होते. निर्गम या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायातले नियम नेमके आहेत. पहिल्या महिन्याच्या दहाव्या दिवशी एक वर्षाचे निर्दोष नर कोकरू निवडायचे आणि चौदाव्या दिवसापर्यंत सांभाळायचे. संध्याकाळी ते कापून एजोब या झुडपाच्या जुडीने दाराच्या दोन्ही बाह्यांना व कपाळपट्टीला रक्त लावायचे. मांस विस्तवावर भाजून बेखमीर भाकरी व कडू भाजीबरोबर त्याच रात्री संपवायचे. हाड मोडायचे नाही. पुढे हा वध यरुशलेमच्या मंदिरात होऊ लागला. यहुदी परंपरेतल्या मिश्ना या संहितेत त्याचे चित्र आहे : लोक तीन तुकड्यांनी आत येत, याजक रांगा करून सोन्या-चांदीची भांडी हातोहात वेदीकडे पोचवत, आणि लेवी वंशातले मंदिरसेवक स्तोत्रे ११३ ते ११८ गात. त्या भांड्यांना सपाट बूड नसे, कारण कुणी भांडे खाली टेकवले तर रक्त गोठे. योसेफस या इतिहासकाराने एका वर्षीच्या कोकरांचा आकडा अडीच लाखांहून अधिक दिला आहे. अभ्यासक तो फुगवलेला मानतात, पण गर्दीची कल्पना त्यावरून येते.

इथे चारही शुभवर्तमानांचे एकमत नाही, आणि ते लपवायचे कारणही नाही. मत्तय, मार्क आणि लूक यांच्या मते शेवटचे भोजन हेच वल्हांडणाचे जेवण होते. योहानाच्या मते येशू त्याच्या आदल्या, तयारीच्या दिवशी मरण पावला, म्हणजे मंदिरात कोकरे कापली जात होती त्याच दुपारी. म्हणूनच सैनिकांनी येशूचे पाय मोडले नाहीत हे सांगताना योहान हाड न मोडण्याच्या नियमाची आठवण देतो. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने मंदिर पाडले आणि यहुदी पशुयज्ञ थांबले. यज्ञाचा विचार त्यानंतर यहुदी परंपरेत प्रार्थना व दयाकृत्यांकडे वळला, तर ख्रिस्ती परंपरेत क्रूस आणि प्रभुभोजनाकडे.

आता प्रीतीकडे. हिब्रू शास्त्रात 'प्रेम करणे' हे क्रियापद पहिल्यांदा येते ते उत्पत्ती या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात : 'तुझा एकुलता एक, तुझा प्रिय पुत्र इसहाक' याला अर्पण कर, असे अब्राहामाला सांगितले जाते तिथे. प्रेम आणि बलिदान यांची गाठ पहिल्याच वापरात पडली आहे. तिथे मुलगा वाचतो आणि झुडपात अडकलेला एडका अर्पिला जातो. दुसरा हिब्रू शब्द 'हेसेद', म्हणजे करार पाळणारी, न ढळणारी माया. स्तोत्र १३६ च्या सव्वीसही वचनांत तिचेच पालुपद आहे : 'त्याची दया सनातन आहे.' इ. स. पूर्व तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियात हे शास्त्र ग्रीक भाषेत येऊ लागले तेव्हा प्रेमासाठी 'अगापे' हा शब्द वापरला गेला. अगापे म्हणजे आपोआप निःस्वार्थ, दैवी प्रेम, असे प्रवचनांत हमखास ऐकू येते. ते तितकेसे खरे नाही. त्याच ग्रीक भाषांतरात दावीद राजाचा मुलगा अम्नोन याने सावत्र बहीण तामार हिच्यावर अत्याचार केला त्या प्रसंगातल्या वासनेलाही हाच शब्द आहे, आणि माणसांना अंधार 'प्रिय' झाला असे योहान म्हणतो तेव्हा क्रियापदही हेच. शब्दाला नवा अर्थ क्रूसाने दिला. योहानाचे पहिले पत्र तो क्रम स्पष्ट सांगते : आपण देवावर प्रीती केली असे नाही, त्याने आपल्यावर केली.

पुढचा मोठा वाद एका शब्दावरून झाला. मार्कच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो की पुष्कळांच्या मुक्तीसाठी आपला जीव 'खंडणी' म्हणून अर्पण करायला तो आला आहे. मूळ ग्रीक शब्द युद्धकैदी किंवा दास सोडवण्यासाठी मोजलेल्या पैशांचा. खंडणी म्हटली की ती कुणाला दिली, हा प्रश्न आलाच. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या धर्मपंडिताने उत्तर दिले : सैतानाला. चौथ्या शतकात निस्साचा बिशप ग्रेगरी याने त्याला गळाची उपमा दिली. मानवी देहाचे आमिष गिळायला गेलेला सैतान आतल्या देवत्वाच्या गळाला अडकला. त्याच काळातला दुसरा बिशप, नाझियान्झसचा ग्रेगरी, मात्र यावर संतापला. लुटारूला खंडणी म्हणून खुद्द देवच मिळावा, हा केवढा अपमान! आणि पित्याला दिली म्हणावे, तर आपल्याला कैदेत टाकणारा पिता नव्हताच, आणि ज्याने इसहाकाचेही अर्पण घेतले नाही तो स्वतःच्या पुत्राच्या रक्ताने कसा सुखावेल? पित्याने ते अर्पण स्वीकारले, पण मागितले नव्हते आणि त्याला त्याची गरजही नव्हती, असे त्याचे उत्तर. या प्रश्नावरचे इतके नेमके उत्तर पुढच्या शतकांतही फारसे सापडत नाही.

कँटरबरीचा आर्चबिशप अॅन्सेल्म याने १०९८ मध्ये विषय वेगळ्या पायावर मांडला. त्याच्या सरंजामी जगात अपमानाची भरपाई अपमानिताच्या दर्जावर ठरे. देवाचा दर्जा अनंत, म्हणून देणेही अनंत. ते देणे माणसाचे आहे, पण फेडण्याची ताकद फक्त देवाची. म्हणून देव-मनुष्य. त्याच्या मांडणीत 'भरपाई किंवा शिक्षा' असा पर्याय आहे. भरपाई झाली की शिक्षा टळते. ख्रिस्ताने आपल्या जागी शिक्षाच भोगली, यावर भर आला तो सोळाव्या शतकात, विशेषतः प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनकडून. मधल्या काळात अॅबेलार्ड या तत्त्वज्ञाने दुसरेच टोक धरले होते : क्रूस पाहून आपल्यात प्रीती पेटते, हेच तारण. हे सिद्धांत एकमेकांत मिसळले की 'रागीट पिता आणि मायाळू पुत्र' असे दोन मनांचे चित्र उभे राहते. शास्त्राला ते मान्य नाही. देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता, असे प्रेषित पौल लिहितो, आणि माझा प्राण कुणी माझ्यापासून घेत नाही, तो मी आपण होऊन देतो, असे येशू म्हणतो.

मराठीत हा विषय आला तेव्हा शब्दांचीच परीक्षा झाली. इंग्लंडात जन्मलेले, जेजुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यातल्या साष्टीच्या नवख्रिस्ती लोकांसाठी ओवीबद्ध पुराण रचले. ते १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. जुनी पुराणे हातून काढून घेतलेल्या लोकांना ख्रिस्ताचे दुःखसहन त्यांच्या ओळखीच्या छंदात मिळाले. बंगालमधल्या श्रीरामपूरला मिशनरी विल्यम केरी यांनी पंडित वैजनाथांच्या साह्याने केलेला नवा करार १८११ मध्ये निघाला. पंडिता रमाबाईंनी सुमारे अठरा वर्षे खपून केलेले संपूर्ण बायबल त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, केडगावच्या मुक्ती मिशनमधून बाहेर पडले. 'सरस्वती' ही पदवी मिळालेल्या या संस्कृतज्ञ बाईंनी गावातल्या बाईला कळतील असे साधे शब्द जाणीवपूर्वक निवडले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी, तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आल्याचे सांगत, ही प्रीती भजनांत आणली.

तरी अडचण उरतेच. 'यज्ञ' म्हणताच अग्नी आणि समिधा डोळ्यांपुढे येतात, पण ज्ञानेश्वरांच्या वाग्यज्ञामुळे मराठी माणसाला हा शब्द ज्वाळांपलीकडेही नेता येतो. 'बळी' म्हणजे बातम्यांतला अपघाताचा बळी, त्यात स्वेच्छा नाही. 'बलिदान' सीमेवरच्या जवानाचे. ते आपल्या माणसांसाठी असते, तर पौलाच्या मते ख्रिस्त आपण पापी, वैरी असताना मरण पावला. 'त्याग' म्हणजे काहीतरी सोडणे. इथे भर देण्यावर आहे. आणि 'खंडणी' तर आज पोलीस ठाण्याच्या नोंदीतला शब्द. 'प्रीती' मात्र टिकली. रोजच्या बोलण्यात ती मागे पडली, त्यामुळे सिनेमातल्या प्रेमापासून आपोआप वेगळी राहिली.

उपासनेत हा अर्थ हातापायांनी सांगितला जातो. पवित्र गुरुवारी पाय धुतले जातात, कारण योहान शेवटच्या भोजनाच्या प्रसंगात भाकर-द्राक्षरसाऐवजी तेच सांगतो. गुड फ्रायडेला कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे भाकर-द्राक्षरस अर्पण करण्याची मुख्य उपासना, होत नाही. वेदी आच्छादनाविना उघडी असते, धर्मगुरू आरंभी जमिनीवर पालथे पडतात, योहानाचे दुःखसहन वाचले जाते, दहा प्रार्थना आणि क्रूसवंदन होते, आणि कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकरीचे सेवन, आदल्या दिवशीच्या भाकरीचे असते. मिस्सा हे बलिदान आहे का, यावर प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथरने १५२० मध्ये घणाघात केला. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५६२ मध्ये उत्तर दिले : ते नवे बलिदान नाही, क्रूसावरचेच, रक्तावाचून. प्रोटेस्टंट मंडळ्या इब्री लोकांस पत्रातल्या 'एकदाच' या शब्दावर ठाम राहिल्या.

गुड फ्रायडेचा कॅथलिक उपास १८ ते ५९ वयासाठी आहे : एक पूर्ण जेवण, आणि दोन हलकी खाणी जी मिळून एका जेवणाएवढी होऊ नयेत, मांसवर्ज्य १४ वर्षे पूर्ण झाल्यापासून. उपास पाळूनही हेतू चुकतो तो वाचलेले पैसे घरातच राहतात म्हणून. दुसऱ्या शतकातल्या रोममधल्या हर्मासच्या ग्रंथात रीत सांगितली आहे : उपासाच्या दिवशी भाकर-पाणी घ्या, न खाल्लेल्या पदार्थांची किंमत मोजा आणि ती विधवा, अनाथ किंवा गरजवंताला द्या. त्याआधी, पहिल्या शतकाच्या अखेरीस, रोमच्या मंडळीने करिंथला पाठवलेल्या पत्रात नोंद आहे की आपल्यातल्या अनेकांनी दुसऱ्यांना सोडवण्यासाठी स्वतःला बेड्या घालून घेतल्या, आणि अनेकांनी स्वतःला गुलामीत विकून त्या पैशांनी इतरांना जेवू घातले.

३७८ मध्ये एड्रियानोपलच्या लढाईनंतर गॉथ टोळ्यांनी हजारो माणसे धरून नेली, तेव्हा मिलानचे बिशप अॅम्ब्रोज यांनी चर्चची पवित्र पात्रे मोडून त्यांची खंडणी भरली. विरोधकांनी यावर गहजब केला. अॅम्ब्रोज यांनी लिहून ठेवलेले उत्तर असे : हे प्रभूच्या रक्ताचे पात्र आहे हे मी तेव्हाच ओळखतो, जेव्हा पात्र आणि रक्त या दोहोंतही सुटका दिसते, आणि रक्ताने ज्यांना पापातून सोडवले त्यांना तो प्याला शत्रूच्या हातून सोडवतो.