युव्हिआयटिसनंतरचा काचबिंदू : धोका कोणाला अधिक?

काचबिंदू हा उतारवयाचा आजार आहे, अशी आपली समजूत असते. युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या मधल्या रंगद्रव्ययुक्त थराचा दाह झालेल्या रुग्णांत मात्र तो तरुणपणी आणि अगदी बालपणीही होऊ शकतो. वेगवेगळ्या पाहण्यांनुसार युव्हिआयटिसच्या साधारण १० ते २० टक्के रुग्णांना पुढे काचबिंदूला तोंड द्यावे लागते आणि दाह वर्षानुवर्षे चालू राहिल्यास हे प्रमाण आणखी वाढते.

डोळ्याच्या पुढच्या भागात, बुबुळाच्या मागे, एक पाण्यासारखा द्रव सतत तयार होत असतो आणि बुबुळाच्या कडेच्या कोनात असलेल्या बारीक जाळीतून तो बाहेर पडत असतो. आवक आणि जावक जुळलेली असेपर्यंत डोळ्याचा दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरच्या दरम्यान राहतो. तो वाढून राहिला की दृष्टिचेता, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस, दुखावते आणि काचबिंदू होतो. दाहामध्ये पांढऱ्या पेशी आणि प्रथिने या द्रवात उतरतात. स्लिट लॅम्पच्या, म्हणजे डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाच्या, झोतात या पेशी कवडशात तरंगणाऱ्या धूलिकणांसारख्या दिसतात. त्या जाळीत अडकतात, कधी जाळीलाच सूज येते आणि दाह पुनःपुन्हा झाल्यास तिथे कायमचे व्रण राहतात. म्हणूनच एकदाच येऊन गेलेल्या दाहापेक्षा चिवट, उलटणारा दाह अधिक धोक्याचा असतो, आणि डोळ्याच्या मागच्या भागापेक्षा पुढच्या भागातला दाह दाबाच्या दृष्टीने अधिक जोखमीचा ठरतो.

दुसरे मोठे कारण म्हणजे चिकटणे. बुबुळाची कड मागच्या भिंगाला चिकटली की बाहुली वेडीवाकडी दिसू लागते. ती सर्व बाजूंनी चिकटली तर द्रवाला पुढे येण्याची वाटच उरत नाही, बुबुळ पुढे फुगते, कोन बंद होतो आणि दाब काही तासांत धोकादायक पातळीला पोहोचू शकतो. बुबुळ कोनातच चिकटत गेले तर हेच नुकसान सावकाश घडते. ते पाहण्यासाठी गोनिओस्कोपी, म्हणजे विशेष भिंग लावून केलेली कोनाची तपासणी, आवश्यक असते.

दाहाचे कारणही महत्त्वाचे आहे. नागीण आणि तिच्या जातकुळीतील विषाणूंमुळे होणाऱ्या युव्हिआयटिसमध्ये दाब वाढणे हे जणू ओळखचिन्हच आहे. पोस्नर आणि श्लॉसमन या नेत्रतज्ज्ञांनी १९४८ मध्ये वर्णन केलेल्या विकारात तर दाह नाममात्र असतो, पण दाब ४० ते ६० मिलिमीटरपर्यंत चढतो. संधिवात असलेल्या लहान मुलांची स्थिती मला सर्वांत काळजीची वाटते, कारण त्यांचा डोळा लाल होत नाही, दुखत नाही आणि मूल तक्रारही करत नाही. सांध्यांचा त्रास आटोक्यात असला तरी अशा मुलांची नेत्रतपासणी ठरलेल्या अंतराने व्हायलाच हवी.

आता स्टेरॉइडविषयी. दाह शमवण्यासाठी ही औषधे अपरिहार्य आहेत, परंतु त्यांच्या थेंबांमुळे सुमारे एकतृतीयांश लोकांचा दाब काही आठवड्यांत वाढतो आणि थोड्यांचा तर फारच वाढतो. घरात काचबिंदू असणे, मधुमेह, जास्त मायनस नंबरचा चष्मा आणि लहान वय यांमुळे ही शक्यता बळावते. जुन्याच चिठ्ठीवर दुकानातून थेंब आणून ते महिनोन्‌महिने घालत राहणे हे आपल्याकडचे खरे संकट आहे. भीतीपोटी थेंब एकाएकी बंद करणेही तितकेच घातक, कारण मग दाह उसळतो. मेथोट्रेक्सेट किंवा अॅडॅलिम्युमॅबसारखी औषधे देऊन स्टेरॉइडची गरज कमी करता येते, मात्र तो निर्णय तज्ज्ञांचाच असावा.

इथे एक फसवा टप्पा लक्षात घेण्याजोगा आहे. तीव्र दाहात द्रव तयार करणारा भागच मंदावतो, त्यामुळे जाळी बिघडलेली असूनही दाब सामान्य किंवा कमीही भरतो. उपचारांनी तो भाग सावरला, द्रव पूर्ववत तयार होऊ लागला, की लपलेला बिघाड उघड होतो आणि डोळा बरा वाटत असतानाच दाब चढतो. या वाढीत स्टेरॉइडचा वाटा किती आणि दाहाचा किती, हे ठरवणे अनुभवी डॉक्टरांनाही अवघड जाते. त्यामुळे लाली गेल्यावरही दाब, दृष्टिचेता आणि दृष्टिक्षेत्र यांची तपासणी चालू ठेवावी लागते. शस्त्रक्रिया करायची झाल्यास शक्यतो काही महिने डोळा शांत राहिल्यावरच ती केली जाते, कारण दाह असलेल्या डोळ्यात नव्याने केलेली द्रवाची वाट व्रणामुळे लवकर बुजते.